गोव्यातली सुट्टी संपत आली: परत जायच्या आधीच्या आठवड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहेर राहणारी आपली माणसं महिना-दीड महिन्याची रजा काढून गोव्यात घरी येतात, आणि शेवटचा आठवडा लागला की घरात एकदम पळापळ सुरू होते. आमच्याकडे फोंड्याला कोणी ना कोणी दुबईहून, लंडनहून नाहीतर अमेरिकेहून आलेलं असतंच, आणि मी इथेच राहणारी त्यामुळे बॅगा भरण्यापासून टॅक्सी सांगण्यापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. भाऊ-वहिनी विचारतात, त्यांचे मित्र विचारतात, शेजारच्या काकूंची मुलगी विचारते, प्रश्न तेच असतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. एक गोष्ट आधीच सांगते कारण खालची बरीचशी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: शेवटचे दोन दिवस घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे. बाजार, बँक, देऊळ, आमंत्रणं, सगळं त्याच्या आधी उरकायचं.

शेवटचा आठवडा कसा वाटून घ्यायचा?

उलटं मोजत या. पहिलं म्हणजे तिकिटावरची वेळ नीट बघा. रविवारी पहाटे ३ ची फ्लाईट म्हणजे शनिवारी रात्री घर सोडायचंय, रविवारी नाही, आणि हा घोळ भल्याभल्यांचा होतो. त्यामुळे शनिवार गेला, तो दिवस धरूच नका. त्याच्या आधीचे दोन दिवस घरी, कुठेही जायचं नाही. मग उरलेले तीन-चार दिवस तुमच्या कामांचे. ऑफिसची कामं सगळ्यात आधी लावा कारण सरकारी ऑफिसात "उद्या या" म्हणाले तर त्या उद्यासाठी दिवस हातात पाहिजे. चवथीला आलेला असाल तर बँका-ऑफिसं बंद असण्याचे दिवस वेगळे वजा करा, आणि गणपती दीड दिवसाचा की पाच दिवसांचा त्यावर तुमचं सगळं गणित ठरणार.

दाबोळी की मोपा? घरातून किती वाजता निघायचं?

हसू नका, चुकीच्या एअरपोर्टला जाणारी माणसं खरंच असतात. २०२३ च्या जानेवारीपासून गोव्यात दोन विमानतळ चालू आहेत, वास्कोजवळचा जुना दाबोळी आणि पेडणे तालुक्यातला मोपा म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. तिकिटावर दाबोळीचा कोड जीओआय असतो आणि मोपाचा जीओएक्स. एका अक्षराचा फरक आहे, आणि दोन्हींत रस्त्याने दीड-दोन तासांचं अंतर. तुम्ही आलात दाबोळीला म्हणून जाणार पण दाबोळीहूनच असं समजू नका, तिकीट उघडून कोड वाचा आणि गाडी सांगताना ड्रायव्हरला नाव दोनदा सांगा.

पणजीहून मोपा साधारण ३५ किलोमीटर आहे, तास धरा. मडगावहून ६० ते ७० किलोमीटर, दोन तास हातात ठेवा. झुआरीवरचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीचा जुना त्रास खूप कमी झालाय, पण पर्वरी आणि म्हापसा संध्याकाळी वेळ खातातच. आंतरराष्ट्रीय फ्लाईटला तीन तास आधी पोचायचं असतं, तेव्हा प्रवासाची वेळ त्यात मिळवा आणि वर अर्धा तास टाका, कारण निघताना घरात नमस्कार, ओटी, फोटो, परत एकदा नमस्कार ह्यात अर्धा तास जातो आणि तो जायलाच पाहिजे.

गोव्यात ओला-उबर नाही. गावातला ओळखीचा टॅक्सीवाला आदल्या दिवशी पक्का करा, नाहीतर गोवा माइल्सचं ॲप आहे. कदंबाच्या बसेसही एअरपोर्टला जातात पण दोन-दोन मोठ्या बॅगा आणि लहान मुलं घेऊन मी तरी तो सल्ला देणार नाही.

आमची फ्लाईट मुंबईहून आहे. त्यात काही लक्षात ठेवायचं?

हो, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त अडकतात. गोवा ते मुंबई आणि मुंबई ते पुढे अशी दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये असतील तर सामान बहुतेक वेळा शेवटपर्यंत जातं आणि वजनाची मर्यादाही आंतरराष्ट्रीय तिकिटाचीच लागते. वेगवेगळी काढली असतील तर गोवा-मुंबईच्या स्वस्त फ्लाईटला साधारण १५ किलोच मिळतं, आणि तुमच्याकडे माणशी २३ किलोच्या दोन बॅगा. मग काउंटरवर एवढे पैसे भरावे लागतात की सगळ्या सुट्टीची चव जाते. वेगळीच तिकिटं असतील तर जादा सामान आधीच ऑनलाईन भरून टाका, काउंटरवर महाग पडतं. आणि मुंबईत देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय टर्मिनल एकच आहे की वेगळं ते बघून ठेवा, वेगळं असेल तर बाहेर पडून सामान घेऊन रस्त्याने जायला लागतं.

पावसाळ्यात जात असाल तर वेगवेगळ्या तिकिटांवर चार तासांच्या अंतराची जोखीम घेऊ नका हो. आदल्या दिवशी मुंबई गाठा. मडगाव किंवा थिवीहून रेल्वेने गेलात तर सामानाचा त्रास नाही, फक्त पावसात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, ते बघूनच तिकीट काढा.

बॅगेतून खायचं काय काय नेता येतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो त्यामुळे सविस्तर सांगते. दोन ठिकाणचे नियम असतात, एक इथल्या विमानतळावरच्या सुरक्षेचे आणि दुसरे तुम्ही उतरणार त्या देशाचे. आईला हे पटत नाही, ती म्हणते "खायचंच तर आहे, कोण विचारणार". विचारतात.

काजू निर्धास्त न्या, सालीसकट भाजलेले जास्त टिकतात. आंबोशी, खोल्याची नाहीतर हरमलची सुकी मिरची, तिखटपूड, हळद, गोडा मसाला, खाजें, हे सगळं पॅकबंद, लेबल असलेलं घेतलं तर त्रास कमी. दुकानदाराला सांगितलं की सीलबंद करून देतात. बेबिंका, म्हणजे आपला थरांचा गोड केक, तो पण पॅकबंदच घ्या. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार तुमच्या आठवड्यात बसत असेल तर मिरची, सोलं (म्हणजे आमसुलं), घरगुती पदार्थ तिथे एका फेरीत होतात, सकाळी लवकर जा, दुपारी गर्दी आणि ऊन दोन्ही सोसत नाही.

सोलं नेताना एक काळजी. नवी सोलं मिठाने ओली असतात आणि त्यांचा तो काळा-जांभळा रस प्लॅस्टिकच्या पिशवीच्या शिवणीतून सुद्धा बाहेर येतो, एकदा का पांढऱ्या शर्टाला लागला की विसरा. दोन उन्हं दाखवा, वर्तमानपत्रावर पसरून, हाताला चिकटायची थांबली की मग डब्यात. डबा पिशवीत, पिशवीला गाठ, आणि तो सगळा गठ्ठा जुन्या टॉवेलात. लोणच्याचं पण तसंच: बरणी गळ्यापर्यंत भरायची नाही, तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून मग झाकण फिरवायचं, झाकणाभोवती चिकटपट्टी, आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत, कडेला कधीच नाही. लोणचं, तूप, आगळ (कोकमाचा रस) हे सगळं चेक-इन बॅगेतच. केबिनमध्ये १०० मिलीच्या वरचं पातळ काही सोडत नाहीत आणि लोणचं तिथे हमखास काढतात.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ठेवू नका. तेलामुळे पेट घेतात म्हणून सुरक्षावाले चेक-इन बॅग उघडायला लावून काढून टाकतात. पॉवर बँक उलट, ती हातातल्याच बॅगेत पाहिजे, चेक-इनमध्ये चालत नाही.

आता देशांचं. अमेरिकेत कुठल्याही मांसाचं काही नेऊ नका, चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, तर नाहीच नाही. ताजी फळं नाहीत, म्हणजे मानकुराद आंबे कितीही जीव तुटला तरी नाहीत. आणि कढीपत्ता सुद्धा नाही, ह्याचं लोकांना आश्चर्य वाटतं, पण तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागांना त्यातून रोग जाईल म्हणून बंदी आहे. इंग्लंडला मांस आणि दूध-चीज चालत नाही, त्यामुळे पेढे-बर्फी इथेच खाऊन जा. ऑस्ट्रेलिया सगळ्यात कडक, तिथे उतरताना कार्डवर खायचं आहे असं खरं लिहा, लिहिलंत तर फार फार तर वस्तू जाईल, लपवलंत तर मोठा दंड होतो. आखाती देशांत खसखस अजिबात नको. घरच्या मसाल्यात घातलेली असेल तर ती पुडी काढून ठेवा, तिकडे ती अमली पदार्थांत मोडते आणि माणसं तुरुंगात गेलेली आहेत. सौदीला आणि कुवेतला दारू नाही, डुकराचं मांस नाही.

फेणी नेता येते का?

जिथे दारूला बंदी नाही तिथे हो, पण दुकानातून सीलबंद, लेबल असलेली बाटली, चेक-इन बॅगेत. कोणा मामाने शेतावरची बिनलेबलाची प्रेमाने दिली तर ती घरीच ठेवा, विमानात पॅकबंदच चालते. काजू फेणीला २००९ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, चांगल्या कंपन्यांच्या देखण्या बाटल्या मिळतात, ऑफिसातल्या लोकांना द्यायला उत्तम. तिकडची ड्यूटी-फ्री मर्यादा बघा, अमेरिकेत माणशी १ लिटर आहे, इंग्लंडात ४ लिटर. हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) न्यायचा विचार सोडा, तो टिकत नाही, मार्च ते मे इथे असाल तेव्हाच प्यायचा.

आजीची जुनी समई आणि पितळेची भांडी न्यायची आहेत.

थांबा जरा. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. आणि गोव्यातल्या जुन्या घरांत शंभरी ओलांडलेल्या वस्तू पुष्कळ निघतात, समया, देवांच्या मूर्ती, लाकडी पेट्या. वस्तू तेवढी जुनी नाही पण दिसते तशी, असं असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला काढता येतो, पण ते काम शेवटच्या आठवड्यात होत नाही, आल्या आल्या करायला पाहिजे. माझं मत विचाराल तर आजीची समई देवघरातच राहू दे. तुम्ही पुढच्या वेळी आलात की तुमच्या हाताने पेटवा. नवी घ्यायची तर पणजीत, मडगावात सुंदर मिळतात, बिल घ्या.

मुलांनी किनाऱ्यावरून गोळा केलेले शिंपले बॅगेत असतात. साधे एक-दोन कोणी बघत नाही असं लोक म्हणतात, पण प्रवाळ आणि काही जातींचे शंख वन्यजीव कायद्याखाली येतात, आणि मोराची पिसं पण बाहेर नेता येत नाहीत. मुलांना समजावून इथे बरणीत भरून ठेवा, नाव लिहून.

सोनं आणि रोख रक्कम?

स्वतःचे दागिने नेण्यावर अडचण नाही. महागाचे असतील आणि परत आणणार असाल तर निघताना कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी येताना "हे नवं आहे का" हा वाद नाही. भारतीय रुपये माणशी २५,००० पर्यंतच बाहेर नेता येतात. त्याच्यावरचे आईकडे द्या.

जमिनीची, बँकेची कामं राहिलीत. जायच्या आधी काय उरकायचंच?

कुळमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी. बाकी सगळं तिकडून फोनवर, ऑनलाईन कसंतरी होतं, हे इथे असताना करणं फार सोपं. तिकडे गेल्यावर करायचं म्हणजे दूतावासाची अपॉइंटमेंट, तिथलं अटेस्टेशन, मग कागद कुरियरने इथे, आणि इथे आल्यावर ३ महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्यूटी भरायची. ही शेवटची गोष्ट माहीत नसते आणि कागद पडून राहतो.

गोव्यात एक जास्तीची गोष्ट आहे जी महाराष्ट्रातल्या वकिलाला विचारलंत तर तो सांगणार नाही. इथे पोर्तुगीजांची १८६७ ची नागरी संहिता अजून चालते, आणि लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायको दोघांची सामाईक असते. विकायची तर दोघांच्या सह्या. त्यामुळे भाऊ एकटा येऊन सही करून गेला आणि वहिनी तिकडेच, असं झालं की काम अडलंच. दोघं इथे असाल तर दोघांनी मिळून कागद करा. एक-चौदाचा उतारा (सातबाऱ्यासारखा जमिनीचा कागद) पण काढून बघा, नावं बरोबर आहेत का, आजोबांचंच नाव अजून असेल तर निदान वकिलाशी बोलून ठेवा. आणि हे सगळं बोलणं आई-बाबांसमोर शांतपणे, त्यांना मध्ये घेऊन करा. निघायच्या आदल्या रात्री वाटणीचा विषय काढू नका, मी हात जोडून सांगते.

कुलदैवताला कधी जायचं?

शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीला, जमलं तर सकाळी. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी, सगळी फोंडा तालुक्यात जवळजवळ आहेत. अभिषेक किंवा जेवण सांगायचं असेल तर दोन दिवस आधी भटजींना फोन करा. आई-बाबांना गाडीत घेऊन जा. त्यांना एरवी कोणी नेत नाही, रिक्षा-बसने आता जमत नाही, आणि तुमच्या निमित्ताने त्यांचं दर्शन होतं. पायऱ्या असतील तिथे दुसऱ्या दाराने गाडी आत जाते का विचारून ठेवा.

सगळ्यांची जेवायची आमंत्रणं कशी सांभाळायची?

आत्या, मावशी, मामा, शेजारी, सगळे शेवटच्याच आठवड्यात बोलावतात आणि प्रत्येकाकडे गेलं नाही तर वाईट दिसतं. मग काय होतं, तुम्ही रोज दुपारी एकाकडे आणि रात्री दुसऱ्याकडे जेवता आणि घरी आई तुमच्यासाठी हुमण (माशाची आमटी) करून ठेवते ते फ्रीजमध्ये जातं. तुमच्या तोंडावर ती काही बोलत नाही. म्हणून माझी सरळ विनंती, आमंत्रणं पहिल्या पंधरवड्यात घ्या, राहिलेल्यांना शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी घरीच चहाला बोलवा. शेवटची दोन्ही जेवणं आईच्या हातची. आणि जून-जुलैमध्ये आलात तर लक्षात ठेवा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजं मासळी महाग आणि थोडं, तेव्हा बाबा सकाळी उठून बाजारात तासभर फिरून जी सुंगटं (कोळंबी) घेऊन येतात ती पानात टाकू नका.

आई-बाबांसाठी जायच्या आधी काय करून ठेवायचं?

तुम्ही नेता त्या बॅगेपेक्षा हे महत्त्वाचं आहे, आणि त्यासाठीच ते दोन दिवस रिकामे ठेवायला सांगते.

त्यांच्या गोळ्या बघा. चेकअप तुम्ही असताना करून घ्या, शेवटच्या दिवशी नाही, कारण रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि डॉक्टरांना परत भेटायला लागतं. मग एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, सकाळी कुठली, जेवणाआधी की नंतर, रात्री कुठली, आणि तो कागद फ्रीजवर चिकटवा. आमच्याकडे बाबांच्या दोन गोळ्या दिसायला अगदी सारख्या, पांढऱ्या, गोल, एक रक्तदाबाची आणि एक थायरॉईडची. त्यांना जवळचं नीट दिसत नाही. आता पाकिटावर स्केचपेनने एकीवर सूर्य काढलाय आणि एकीवर चंद्र, आणि तेव्हापासून प्रश्न आला नाही. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड चालू आहे का बघा. ॲम्ब्युलन्सचा १०८ नंबर फोनमध्ये आणि भिंतीवर दोन्हीकडे.

फोन. व्हिडिओ कॉलचं बटण पहिल्या स्क्रीनवर आणा, अक्षरं मोठी करा, तुमचा फोटो लावून नाव सगळ्यात वर ठेवा. मग स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन त्यांना कॉल लावायला सांगा, तुम्ही करून दाखवू नका, त्यांनाच करू द्या, तीन-चारदा. "पोलीस बोलतोय", "बँकेतून बोलतोय", "ओटीपी सांगा" असा फोन आला तर काय करायचं, तर फोन ठेवायचा आणि आधी घरच्यांना विचारायचं, हे नीट बसून सांगा. रागावून सांगू नका, त्यांना आधीच आपल्याला काही कळत नाही असं वाटत असतं.

आणि जवळच्या एका माणसाला, शेजारी म्हणा नाहीतर आमच्यासारखं इथे राहणारं भावंडं म्हणा, त्याच्याकडे घराची किल्ली, डॉक्टरांचा नंबर आणि थोडे पैसे ठेवा. पैसे देताना संकोच करू नका. आम्ही मागत नाही, पण रात्री गाडी करून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर हातात असलेले बरे.

हे सगळं झालं की मग नुसतं बसा. सोप्यावर, त्यांच्याशेजारी, फोन आत ठेवून. बाबा तीच जुनी गोष्ट परत सांगतील. ऐका.

मुलं फार रडतात, काय करायचं?

रडू द्या. "पुढच्या महिन्यात परत येऊ" असं खोटं सांगू नका. आजीला मुलांकडून एखादं ठरलेलं काम मिळालं की दोघांनाही बरं वाटतं, म्हणजे दर रविवारी कॉलवर मांजर दाखवणं, नाहीतर लावलेल्या रोपाचा फोटो पाठवणं. आमच्या भाचीने अंगणात मिरचीचं रोप लावलं होतं, आई मला रोज फोटो काढायला लावायची.

परदेशी पासपोर्ट आहे, निघताना काही परवानगी लागते का?

ओसीआय (मूळच्या भारतीयांना परदेशी पासपोर्टवर मिळणारं कार्ड) असेल तर नाही, कितीही दिवस राहा, कार्ड आणि चालू पासपोर्ट हातात ठेवा. जोडीदार किंवा मुलं व्हिसावर असतील तर त्यांची राहायची मुदत आत्ताच बघा. ती उलटली तर विमानतळावर सोडत नाहीत, एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसच्या) साईटवर एक्झिट परमिटसाठी अर्ज करायला लागतो आणि त्याला दिवस लागतात.

एअरपोर्टवर सोडायला कोणी कोणी यायचं?

टर्मिनलच्या आत तिकीट आणि ओळखपत्र असणाऱ्यांनाच सोडतात, बाकीच्यांचा निरोप दारातच. रात्रीची फ्लाईट असेल तर म्हाताऱ्या माणसांना आणू नका, त्यांची झोप जाते, परतताना गाडीत ती गप्प बसतात आणि घरी पोचेपर्यंत दोन वाजतात. निरोप घरीच घ्या, देवाजवळ नारळ ठेवून, दही-साखर हातावर घेऊन. पण एखादी आई म्हणाली की मी येणारच, तर तिला आणा, पुढच्या सीटवर बसवा आणि सोबत कोणीतरी परत आणायला ठेवा.

पोचल्यावर कधी फोन करायचा?

उतरल्या उतरल्या, वेळ बघू नका. इथे रात्रीचे तीन असले तरी करा, आई जागीच असते. मध्ये दुबईला किंवा दोह्याला थांबा असेल तर तिथूनही एक मेसेज टाका.

काही विसरलं तर पाठवता येतं का?

कागद, चष्मा, कपडे वगैरे पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टने नाहीतर कुरियरने जातं, पासपोर्टची प्रत लागते ती माझ्याकडे ठेवून जा. औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिल सोबत लागतं. खायचं मात्र पाठवायला सांगू नका, त्यापेक्षा तुमच्या भागातलं कोणी इथे आलं असेल तर मला कळवा, त्यांच्या बॅगेत दोन किलोची जागा आहे का ते मी विचारते.